पावती नसलेला डोंगा

मी सरकारी बोट इन्स्पेक्टर होतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे मुंबईला?" नाही हो, भंडाऱ्याला. त्यावर तो हसतो. मला त्याचा राग येत नाही. ज्या दिवशी माझ्या हातात तो नेमणुकीचा आदेश पडला, त्या दिवशी मीही हसलो होतो.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. जन्म गेला सरकारी पंप आणि सरकारी जीपगाड्या दुरुस्त करण्यात. नोकरीची शेवटची थोडी वर्षं उरली असताना नियम आला की नदीत, तलावात, धरणात माणसं बसवून फिरवणाऱ्या प्रत्येक बोटीची नोंदणी व्हायला हवी, तिला नंबर हवा, तिची तपासणी हवी. आमच्याकडे वैनगंगा आहे, गोसीखुर्द धरणाचं अफाट अडलेलं पाणी आहे, तलाव तर मोजता मोजता थकाल इतके आहेत. तेव्हा कुणीतरी एक माणूस नेमणं भाग होतं. कार्यालयात यंत्राचं शिकलेले आम्ही तिघं होतो. त्यातला सगळ्यात कमी भांडणारा मी. झाली नेमणूक.

सोबत नियमांचं पुस्तक आलं आणि अर्जाचे छापील नमुने आले. ते ज्याने कुणी तयार केले होते त्याने उभ्या आयुष्यात समुद्र सोडून दुसरं पाणी पाहिलेलं नसावं. अर्जात रकाना होता, 'नोंदणीचे बंदर'. दुसरा रकाना, 'भरतीच्या वेळची खोली'. पवनीच्या घाटावर उभं राहून भरतीची वेळ कुणाला विचारायची? पहिल्या महिन्यात मी प्रत्येक ठिकाणी पेनाने 'लागू नाही' लिहीत होतो. दुसऱ्या महिन्यात 'लागू नाही' असा रबरी शिक्काच करून घेतला. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त झिजला तो हाच शिक्का.

काम म्हणाल तर दोनच गोष्टींचं होतं. नोंदणी म्हणजे बोट कोणाची हे ठरवायचं, आणि तपासणी म्हणजे ती तरंगण्याच्या लायकीची आहे का हे बघायचं. पहिल्याला कागद लागतात. दुसऱ्याला मोजपट्टी, टॉर्च आणि एक टोकदार पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. लाकडात पेचकस टोचायचा, आत शिरला तर लाकूड कुजलेलं, नाही शिरला तर ठीक. लांबी, रुंदी, खोली मोजायची, आतल्या फासळ्या मोजायच्या, इंजिन असलं तर त्याचा नंबर उतरवायचा. इतकं साधं काम. पण माझ्याकडे येणाऱ्या लोकांना दुसऱ्या भागाशी काहीही घेणं नसायचं. बोट तरंगेल का, हा प्रश्न मला एकाही श्रीमंत गिऱ्हाइकाने विचारला नाही.

नागपूरचे एक डॉक्टर होते. त्यांनी ट्रेलरवर लादून चकचकीत मोटारबोट आणली. त्यांचा आग्रह एकच, बोटीचा नंबर गाडीच्या नंबरसारखा हवा. मी म्हटलं, इथे नंबर ओळीने मिळतात. तर म्हणाले, "मग ओळ पुढे जाईपर्यंत थांबतो." ते खरोखर थांबले. बोट त्यांच्या फार्महाउसवर ताडपत्रीखाली पडून राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी गेलो तेव्हा पेचकस टोचण्याआधी मला एक खुडूक कोंबडी उठवावी लागली. दुसरे एक नगरसेवक. त्यांनी तलावात सोडायला पायाने चालवायचे हंस आणले होते आणि अर्जात 'नौकेचा प्रकार' या रकान्यात लिहिलं होतं, 'पक्षी'. मी अर्ज परत केला तर मला म्हणाले, "साहेब, तुमाले दिसून नाही राहिला का? हंस आहे थो."

अशा मंडळींत एके दिवशी सिंधूबाई आली.

ती ढिवर समाजाची. गाव धरणाच्या पाण्याकाठचं, माझ्या मूळ गावापासून, आसगावापासून, फार लांब नाही. नवरा तापाने वारलेला. मासोळी धरून पवनीच्या बाजारात विकायची. धरणाचं पाणी बघायला रविवारी लोक येऊ लागले तशी ती आपल्या डोंग्यात त्यांना फिरवून आणायची. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी नाव. नंबर नसलेल्या नावेत माणसं बसवायची नाहीत, ही सूचना मीच तिच्या घाटावरच्या पिंपळाला चिकटवून आलो होतो. ती वाचून घेऊन बाई भंडाऱ्याला आली. अर्ज तिने शाळेतल्या मास्तरांकडून भरून आणला होता. माझ्याकडे तोवर आलेल्या अर्जांत तो सगळ्यात स्वच्छ अक्षरातला होता.

मी कागद चाळले आणि विचारलं, "बाई, पावती कुठं आहे?"

"कायची पावती जी?"

"डोंगा घेतला त्याची."

"घेतला नाई साहेब. घरीच बांधला."

"मग बांधणाऱ्या कारखान्याचा दाखला?"

तिने अर्ज पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "घरीच बांधला म्हन्लं ना."

तरी मी गेलो. नियमाप्रमाणे अर्ज आला की बोट पाहावी लागते. घाटावर डोंगा उलटा करून ठेवला होता. मी पेचकस टोचला, कुठेही शिरला नाही. मोजमाप घेतलं. डावी कड उजवीपेक्षा दीड इंच बुटकी भरली. त्यावर मी वहीत लिहिलं, 'बांधणी ओबडधोबड.' ते लिहिताना मला आपण फार मोठे तज्ज्ञ असल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. कार्यालयात येऊन शेरा मारला: 'सदर नौका अर्जदाराच्या मयत पतीने घरी बांधलेली असून खरेदी पावती अथवा बांधणीचा दाखला नाही. सबब अर्ज नामंजूर.'

यातलं 'मयत पतीने' हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई 'घरीच बांधला' इतकंच म्हणाली होती. पुढचं माझ्या मनाने लिहिलं. घरी बांधला म्हणजे घरातल्या पुरुषाने बांधला असणार, पुरुष मेला आहे, म्हणजे मयत पतीने. माझ्या डोक्याला इतकंच सुचलं आणि तेवढ्यावर माझी सही झाली.

नामंजुरीचं पत्र घ्यायला ती परत आली तेव्हा विचारू लागली, "मंग मी पावती कोनाकडून आनू साहेब? स्वोताच्या हातानं बांधलेल्या चिजेची पावती स्वोतालेच द्यायची का?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, "नियम आहे बाई, मी काय करू." नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की त्याचाही शिक्का करून घेतला असता तर बरं झालं असतं.

यानंतर सहा-सात महिने गेले. भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे राजूभाऊ आमच्या कार्यालयात आले. हायवेला त्यांचं लग्नाचं लॉन, बाजूला धाबा, आणि आता धरणाच्या पाण्याशी त्यांनी रिसॉर्ट काढलं होतं. अंगठ्या चार, मोबाइल दोन. उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि मंत्र्यांना पाण्यातून एक फेरी मारून आणायचं होतं.

"साहेब, आपल्याले लफडा नाही पाहिजे," राजूभाऊ खुर्ची ओढत म्हणाले. "कागद एकदम ओके आहेत. मंत्रीसाहेब येऊन राहिले. तुमी फक्त येऊन पाहून घ्या, चहापाणी करा, आणि नंबर देऊन टाका."

कागद खरोखर ओके होते. नागपूरच्या एका वर्कशॉपची छापील पावती, बांधणीचा दाखला, विम्याचा कागद, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. पावतीवर लिहिलं होतं, 'फायबर नौका, नवी'.

मी रिसॉर्टवर गेलो. जेटीला निळीशार बोट बांधलेली, मागे नवं कोरं इंजिन, वर झालरीचं छत, बाजूला सोनेरी अक्षरांत नाव. मोजपट्टी लावली. लांबी मोजली, रुंदी मोजली, उजवी कड मोजली. डावी कड मोजली आणि थांबलो. पुन्हा मोजली. दीड इंच बुटकी.

नखाने रंग खरवडला. खाली फायबरचा पातळ थर, त्याच्याखाली लाकूड. मी माझी जुनी वही काढली. सगळी मापं इंच न इंच जुळली. हा सिंधूबाईचा डोंगा होता.

"राजूभाऊ," मी म्हटलं, "ही बोट नवी नाही. फायबरचीही नाही."

"साहेब, थोडंबहुत काम केलं आहे तिच्यावर."

"ही सिंधूबाईची आहे."

ते हसले. "हो, होती ना. आता आपल्याकडे आहे. बाईबी आपल्याकडेच आहे. विचारा तिले."

बाई खरंच तिथेच होती. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागे भांडी घासत होती. मला बघून उठली नाही. मी विचारलं तेव्हा तिने हात न थांबवता सगळं सांगितलं. माझं पत्र मिळाल्यावर घाटावर माणसं बसवणं बंद झालं. राजूभाऊने निरोप पाठवला की डोंगा माझ्या जेटीला लाव, कागद मी काढून देतो, चालवायचा तूच. दोन महिने तिने चालवला. मग डोंगा दुरुस्तीच्या नावाखाली शेडमध्ये गेला आणि निळा होऊन बाहेर आला. चालवायला नागपूरचा पांढऱ्या शर्टातला माणूस ठेवला आणि बाईला सांगितलं, तुला किचनमध्ये घेतो.

"मंग तुमी तक्रार काहून नाही केली?" मी विचारलं.

तेव्हा मात्र तिचे हात थांबले. "कोनाकडे करू जी? तुमच्याकडे? तुमीच तं लिवून देल्लं का ह्या डोंग्याचा मालक कोनीच नाई."

मी तसं लिहिलं नव्हतं. पण लिहिलं होतं त्याचा अर्थ दुसरा काय होत होता?

कार्यालयात येऊन मी अहवाल लिहिला की अर्जातली नौका आणि पूर्वी नामंजूर झालेली नौका एकच आहे, अर्जदाराची पावती विश्वासार्ह नाही. अहवाल मोठ्या साहेबांपुढे ठेवला. हे साहेब समुद्राकाठून बदली होऊन आलेले होते आणि आमच्या पाण्याला पाणी म्हणतच नसत, 'डबकी' म्हणत. माणूस पैसे खाणारा नव्हता, हे मी ग्वाही देऊन सांगतो. फक्त फोनला भ्यायचा. फोन वाजला की उभा राहून बोलायचा.

अहवाल वाचून साहेब म्हणाले, "लांजेवार, दीड इंचावरून तुम्ही मंत्र्यांचा कार्यक्रम अडवणार?"

"साहेब, दीड इंच नाही, अख्खी बोट चोरीची आहे."

"चोरी शब्द वापरू नका. चोरी पोलीस ठरवतात. आपण फक्त कागद बघतो."

चार दिवसांत कागदही बदलून आले. राजूभाऊंनी नागपूरची पावती परत घेतली, म्हणाले की ती चुकून दुसऱ्या बोटीची लागली होती. आता त्यांनी आणला होता जुन्या स्टँपपेपरवरचा विक्रीलेख. सिंधूबाईच्या नवऱ्याने जिवंतपणी डोंगा राजूभाऊंना विकला, खाली अंगठा, दोन साक्षीदार. आणि त्यात वाक्य होतं, 'मी स्वतः बांधलेली नौका'. हे वाक्य मी पुन्हा वाचलं. ते माझ्याच शेऱ्यातून उचललेलं होतं. आमच्या कार्यालयातून कुणीतरी माझ्या नामंजुरीची प्रत राजूभाऊंना काढून दिली होती, आणि 'मयत पतीने बांधलेली' हे वाचून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. नवऱ्याने बांधली, म्हणजे नवऱ्याची, म्हणजे नवऱ्याने विकली. मेलेला माणूस 'नाही' म्हणायला येत नाही.

साहेब खूश झाले. "बघा, प्रश्न सुटला. तुमच्या अहवालालाच धरून आहे सगळं."

मी त्या विक्रीलेखाची प्रत घेऊन सिंधूबाईच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ होती, ती ओसरीवर जाळ्याला गाठी मारत बसली होती. मी कागद वाचून दाखवला. 'मी स्वतः बांधलेली नौका' इथपर्यंत आलो तशी ती हसायला लागली. आधी हळू, मग तोंडाला पदर लावून. मग हसणं थांबवून म्हणाली, "साहेब, माहा नवरा मेला तवा हा डोंगा झाडातच होता."

"म्हणजे?"

"म्हंजे झाड उभं होतं जी. बांधावरचं येनाचं झाड. थे मेल्यावर दुसऱ्या सालच्या वादळात पडलं. त्याच्या फळ्या काढल्या अन् डोंगा बांधला."

"कोणी बांधला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला जन्मात कुणी इतकं मूर्ख समजलेलं नाही. "मीनं. आखिन कोनं? माहा बाप डोंगे बांधे. त्याले पोरगा नोता, मीच हाताखाली होती. माह्या नवऱ्याले तं खिळाबी सिधा ठोकता येत नोता. पोहनं आन् खानं, दोनच कामं येत त्याले."

"आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कधी?"

मी वही काढून तिथेच सगळं लिहून घेतलं. ती सांगत गेली. फळ्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या. आतल्या फासळ्याही येनाच्या, पण मागून तिसरी बाभळीची, कारण येन पुरला नाही. ती फासळी जरा वाकडी निघाली, म्हणून डावी कड दबली. 'ओबडधोबड' या माझ्या शब्दाचा उलगडा हा असा झाला.

घरी आलो आणि नियमांचं पुस्तक घेऊन बसलो. शरमेची गोष्ट सांगतो. ते पुस्तक मी तोवर कधी पूर्ण वाचलेलंच नव्हतं. अर्जाचे नमुने, तपासणीची यादी, फीचा तक्ता, माझ्या रोजच्या कामाची पानं तेवढी मळलेली होती. बाकीची पानं एकमेकांना चिकटलेली. आणि त्या चिकटलेल्या पानांत एक छोटंसं कलम होतं की मालकाने स्वतः बांधलेल्या नौकेला पावतीची गरज नाही. मालकाचं प्रतिज्ञापत्र आणि गावच्या पंचांसमक्ष केलेला पंचनामा पुरे.

समुद्रवाल्यांच्या ज्या पुस्तकाची मी दोन वर्षं टिंगल केली, त्यात सिंधूबाईची सोय करून ठेवलेली होती. ती न वाचता मी तिला परत पाठवलं होतं. ती भांडी घासत होती ती राजूभाऊंमुळे, असं मला स्वतःला सांगता आलं असतं. मी तसा प्रयत्नही केला. जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांना म्हटलं, "दोन दावेदार आहेत, आता जागेवर सुनावणी घ्यावी लागेल, आणि तुम्हाला यावं लागेल." साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, "उद्या मंत्री त्या बोटीत बसले आणि परवा कुणी कोर्टात गेलं, तर सही तुमची असेल." हा मंत्र बरोबर लागू पडला. साहेब आले.

रिसॉर्टच्या जेटीवर आम्ही जमलो. साहेब, मी, राजूभाऊ, स्टँपपेपरवरचे त्यांचे दोन साक्षीदार, सिंधूबाई, तिच्या गावचे सरपंच आणि चार पंच. राजूभाऊंनी सगळ्यांना थंड पेय दिलं. सिंधूबाईला दिलं नाही.

मी साक्षीदारांना विचारलं, "हा डोंगा सिंधूबाईच्या नवऱ्याने बांधताना तुम्ही पाहिला?"

"हो ना," एक जण म्हणाला. "आमच्यासमोरच बांधला."

"लाकूड कोणतं वापरलं?"

"लाकूड... सागाचं. एक नंबर सागवान."

मी सिंधूबाईकडे वळलो. "तुम्ही सांगा."

ती पुढे आली. बोटीला हात लावला नाही, लांबूनच बोलली. "फळ्या येनाच्या. फासळ्या येनाच्या. मागून तिसरी बाभरीची. तिच्यावर दोन खिळे वाकलेले आहेत, हातोडी घसरली होती माही. आता वर पाट बसवला आहे ह्यायनं. उकलून पाहा."

राजूभाऊ म्हणाले, "साहेब, उद्घाटन आहे. बोट तोडता का आता?"

मोठे साहेब माझ्याकडे बघू लागले. मी वाट पाहिली नाही. पिशवीतून पेचकस काढला आणि बोटीत उतरलो. मागच्या बाजूचा नवा पाट चार स्क्रूंवर होता. एकेक मी मुद्दाम सावकाश काढला, कारण तिच्या आठवणीत चूक असली तर सगळं तिथेच संपणार होतं, आणि फासळ्यांची मोजणी मी केली असली तरी लाकूड कोणतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पाट उचलला. खाली ओल, चिखल, एक मेलेला खेकडा. फडक्याने पुसलं. एक, दोन, तिसरी. पहिल्या दोन फिकट तपकिरी. तिसरी लालसर, गाठाळ, वाकडी. तिच्यावर दोन खिळे, डोकी आडवी पडलेली.

सरपंच वाकून बघत म्हणाले, "बाभूरच आहे जी."

साक्षीदारांतला एक जण म्हणाला की त्याला शेतावर जायचं आहे. दुसरा त्याच्यामागे गेला. सरपंचांनी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला साहेबांपुढे धरला आणि सांगितलं की ते झाड पडलं तेव्हा पंचायतीने नुकसानीची नोंद केलेली आहे, तिची ही प्रत, तारीख मृत्यूनंतरची.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "लांजेवार, हे प्रकरण तुम्ही तुमच्या जबाबदारीवर निकाली काढा. मला यात घेऊ नका." नोकरीत मला मिळालेला हा सर्वांत मोठा अधिकार. तोही भीतीपोटी मिळाला.

पंचनामा मी तिथेच जेटीवर बसून लिहिला. 'नौका बांधणाऱ्याचे नाव' या रकान्यात सिंधूबाईचं नाव लिहिलं, 'मालकाचे नाव' यात तेच पुन्हा लिहिलं. तिने सही केली. अंगठा नाही, सही. मी शाईचा पॅड पुढे सरकवला होता, तो तिने बोटाने बाजूला सारला.

आता तुम्ही विचाराल, राजूभाऊंचं काय झालं? काही झालं नाही. खोट्या स्टँपपेपरबद्दल मी लेखी कळवलं, ते पत्र कुठल्यातरी टेबलावर आजही असेल. त्यांनी आपलं इंजिन काढून नेलं, छत काढून नेलं, आणि महिन्याभरात खरी फायबरची बोट खऱ्या पावतीसकट आणली. तिची नोंदणी मीच केली, अर्ध्या दिवसात. कागद ओके होते. त्यांनी कार्यालयात पेढे वाटले आणि माझ्या नामंजुरीची प्रत राजूभाऊंना पुरवणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने, तो कोण हे मला तोवर कळलं होतं, दोन उचलले. मंत्री उद्घाटनाला आले, काठावर उभं राहून फोटो काढला आणि गेले. पाण्यात उतरलेच नाहीत.

सिंधूबाईने निळा रंग आणि फायबरचा थर खरवडून काढायला तीन आठवडे घेतले. इंजिनासाठी पाडलेली भोकं येनाच्या खुंट्या मारून बुजवली. पुढच्या अंगाला दोन्ही बाजूंनी मी दिलेला नंबर पांढऱ्या रंगात घातला.

मी निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. मागच्या हिवाळ्यात मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते, सोबत दोन नातवंडं आणि आमच्या विहीणबाई. सगळ्यांना धरणाचं पाणी दाखवावं म्हणून पवनीकडे घेऊन गेलो. जावयांना राजूभाऊंच्या रिसॉर्टची पाटी दिसली होती, पण मी त्यांना पुढे घाटावर नेलं. रस्ताभर मी त्यांना ऐकवत होतो की ही बाई माझ्या ओळखीची, तिला नंबर मी दिला.

सिंधूबाईने ओळखलं. रामराम केला, नातवंडांच्या गालांना हात लावला. डोंग्यातली लाइफ जॅकेटं काढून एकेकाच्या अंगात स्वतः घातली, पट्टे ओढून पाहिले. मुलगी बसली, जावई बसले, विहीणबाई, दोन्ही पोरं, माझी बायको. मी पाय उचलला तर तिने वल्हं आडवं धरलं.

"साहेब, सहाच."

"अगं, मी एक जास्तीचा. दोन तर लेकरं आहेत."

तिने डोंग्याच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रवासी ६'. तपासणीच्या दाखल्यात हा आकडा मीच घातला होता. राजूभाऊंची बोट तेवढ्यात समोरून गेली, तिच्यात किती माणसं होती हे मोजायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. तिच्याही दाखल्यावर आकडा मीच घातलेला होता. तो त्यांनी बहुधा रंगवलाच नाही.

जावई म्हणाले, "मावशी, अहो हे इन्स्पेक्टर होते."

"माईत आहे ना बापू," ती म्हणाली. "म्हनूनच अडवून राहिली. दुसरा असता तं समजावून सांगा लागलं असतं."

डोंगा गेला. मी घाटावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलो. मला राग यायला हवा होता, मानी माणूस आहे मी. पण इतक्या वर्षांत माझ्या सहीचा आकडा मानणारं कुणी पहिल्यांदा भेटलं होतं, आणि ते मला काठावर बसवून गेलं होतं, यावर नक्की कुणाचा राग धरावा हे मला ठरवता आलं नाही.

अर्ध्या तासाने ती परत आली. सगळे उतरले तसं म्हणाली, "चला आता तुमी."

मी एकटाच बसलो. आता हेही सांगून टाकतो की त्या दिवसापर्यंत मी चालत्या नावेत कधी बसलो नव्हतो. मोजल्या त्या सगळ्या काठावर किंवा जेटीला बांधलेल्या. डोंगा घाटापासून सुटला, डावीकडे जरासा कलला आणि मी दोन्ही हातांनी दोन्ही कडा गच्च धरल्या. नातवंडं काठावरून हसू लागली. पाणी शांत होतं, तरी मी कडा सोडल्या नाहीत. पलीकडच्या टोकाला वळसा घातला, परत फिरलो, घाटाचे दगड जवळ आले, तेव्हा सिंधूबाई वल्हं मारता मारता म्हणाली, "साहेब, हात आत घ्या. दगडाले लागला तं बोटं चेपतीन."

मी हात उचलून मांडीवर ठेवले, आणि डोंगा घाटाला लागेपर्यंत ते तिथेच ठेवले.